वकिलीला दोन दारं, मग नर्सिंगला एकच का?

बीए, बीकॉम, बीएस्सी काहीही झाल्यावर एखाद्याला वाटलं की आपण वकील व्हावं तर त्याच्यासाठी तीन वर्षांचं एलएलबी आहे, सीईटी द्यायची आणि लागायचं अभ्यासाला. शिक्षक व्हायचं असेल तर बीएड आहे. एमबीएला तर बारावीला कुठले विषय होते हे कोणी विचारतही नाही. वकिलीत बारावीनंतर पाच वर्षांचा रस्ता वेगळा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा वेगळा, दोन्हीकडून आलेले शेवटी एकाच कोर्टात उभे राहतात आणि कुठल्या रस्त्याने आलास म्हणून कोणी अडवत नाही. पण तोच पदवीधर मुलगा किंवा मुलगी म्हणाली की मला नर्स व्हायचंय, तर तिला सांगितलं जातं, बारावीची मार्कशीट आण. मधली तीन वर्षं, विद्यापीठाची डिग्री, नंतर केलेली नोकरी, ते सगळं शून्य धरायचं आणि सतरा वर्षांच्या मुलींबरोबर पहिल्या बाकावर बसायचं.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत आणि आता स्टुडंट्सचं क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिकणं, तेही बघते, त्यामुळे हे मला लांबून दिसत नाही. दर बॅचला एक-दोन तरी पदवी झालेल्या मुली असतात, कधी एखादा मुलगा. त्या का आल्या आणि येताना त्यांना काय काय सोडावं लागलं हे ऐकून ऐकून माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडे पदवीधरांसाठी नर्सिंगचा वेगळा, कमी वर्षांचा पण वॉर्डातले तास न कापणारा कोर्स असायलाच हवा, आणि तो नसण्याचं नुकसान त्या मुलींपेक्षा जास्त पेशंटचं होतंय.

आधी सध्याचं गणित नीट बघू. बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, ओपनला ४५ टक्के. चार वर्षांचा कोर्स. म्हणजे आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना हा दरवाजा बंदच, आणि सायन्सला असूनही मॅथ्स घेऊन बायॉलॉजी सोडलेल्यांनाही बंद, मग ती मुलगी पुढे बीएस्सी केमिस्ट्री फर्स्ट क्लासने पास का झालेली असेना. उरतं जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा तीन वर्षांचा डिप्लोमा, तिथे कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजीसह ४० टक्के. जीएनएम झाल्यावर पुन्हा डिग्री हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. आता मोजा. बारावीनंतर तीन वर्षं बीकॉम, तीन वर्षं जीएनएम, दोन वर्षं पोस्ट बेसिक, एकूण आठ वर्षं, आणि हातात काय तर नर्सिंगची तीच पदवी जी बायॉलॉजीवाल्या मैत्रिणीला चार वर्षांत मिळाली. हे एकदाही गॅप न पडता. मध्ये दोन वर्षं नोकरी किंवा लग्न किंवा घरातलं आजारपण आलं की तिशी गाठलीच.

आणि तिशीला पुढचा अडथळा उभा असतो. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरसाठी जी नॉरसेट परीक्षा होते तिची ओपनची वयोमर्यादा ३० आहे. बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमवाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. चोविसाव्या वर्षी जीएनएमला बसलेली मुलगी सत्ताविसाव्या वर्षी पास होणार, एकोणतिसाव्या वर्षी अनुभव पूर्ण होणार, म्हणजे तिच्या हातात जेमतेम वर्ष उरतं. या पदाला केंद्राच्या लेव्हल सातचं बेसिक आहे, महिन्याला ४४,९००, महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या घरासाठी ती रक्कम काय असते हे मी सांगायला नको. त्या मानाने राज्याच्या भरतीत ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत संधी असते, ते खूप बरं आहे, पण भरती निघायला किती वाट बघावी लागते हे ज्यांनी अधिपरिचारिकेची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, जाहिरात निघेल म्हणून वर्षं काढलीत त्यांना विचारा.

ही मुलं-मुली येतात कुठून? काही सरळ बेकारीतून येतात, ते लपवण्यात अर्थ नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. बीए झालं, पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत चार वर्षं एमपीएससी केली, दोनदा प्रिलिम निघाली, मेन्स नाही निघाली, आता घरून पैसे येणं बंद होतंय. काही पतसंस्थेत, मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर, कॉल सेंटरमध्ये काम करून आलेल्या असतात. काहींचं लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलेलं असतं आणि आता स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. पण माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात ठाम मुली त्या, ज्यांनी घरात कोणाचं तरी मोठं आजारपण काढलंय. कोविडनंतर अशा मुली जास्त दिसायला लागल्या. वडिलांना ऑक्सिजन लागला, पंधरा दिवस हॉस्पिटलच्या बाहेर बसून काढले, आत नेमकं काय चालतं ते काचेतून बघितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की डॉक्टर राउंडला येऊन जातात पण माणूस चोवीस तास ज्यांच्या हातात असतो त्या सिस्टर असतात. हे सतराव्या वर्षी फॉर्म भरताना कोणाला कळतं? बारावीनंतर नर्सिंगला आलेल्या कितीतरी मुली या एमबीबीएस नाही, बीएएमएस नाही, बीफार्म नाही मग नर्सिंग अशा आलेल्या असतात. त्यातल्या पुष्कळ पुढे उत्तम नर्स होतात, मी स्वतः शिकवलेल्या आहेत, त्यांना कमी लेखायचं नाही. पण पंचविसाव्या वर्षी जग बघून, पर्याय पडताळून जी म्हणते की मला हेच करायचंय तिला आपण सगळ्यात लांबचा रस्ता देतो, हे उलटं आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्या हाय डिपेंडन्सी युनिटला, म्हणजे आयसीयूच्या खालोखाल लक्ष ठेवावं लागतं त्या वॉर्डात, एक जीएनएमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पोस्टिंगला होती, बीकॉम झालेली, आधी एका पतसंस्थेत कॅशला बसायची. पोटाचं ऑपरेशन झालेला साठ किलोचा पेशंट, कॅथेटर टाकलेला, तासाला युरिन मोजून इनटेक-आउटपुट चार्टवर लिहायचं एवढंच तिला सांगितलेलं. बहुतेक स्टुडंट्स युरोबॅग बघतात, आकडा लिहितात आणि पुढच्या बेडकडे जातात. ही लिहिता लिहिता मागचे आकडे बघत होती. ३५, मग २५, मग १८. पेशंट बोलत होता, बीपी अजून पडलं नव्हतं, मॉनिटर गप्प होता. तिने आधी ट्यूबला कुठे पीळ पडलाय का ते तपासलं, पेशंटच्या अंगाखाली दबली आहे का ते बघितलं, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, सिस्टर, तासाला तीसच्या खाली जायला नको ना साठ किलोला, दोन तास झाले खाली आहे आणि सलाईन तर तेवढंच जातंय. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, बोलावलं, फ्लुइड वाढवलं, ड्रेन बघितली, रात्रीचं मोठं संकट संध्याकाळीच सापडलं. किलोमागे तासाला अर्धा मिली हा नियम पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेला असतो. पण जिने तीन वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवली आहे तिला आकडा नुसता लिहून सोडून देता येत नाही, तो का बदलला हे शोधल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ही सवय आम्ही सहा महिन्यांत शिकवू शकत नाही, ती घेऊनच आली होती.

असंच इतरांचंही. सायकॉलॉजीची बीए झालेली मुलगी डेलिरियममध्ये गेलेल्या, म्हणजे आजारपणात भान हरपून भलतंच बोलणाऱ्या आजोबांशी वाद घालत बसत नाही. मराठी साहित्य घेऊन एमए झालेल्या एका मुलाची हँडओव्हर नोट वाचली की पेशंट डोळ्यासमोर उभा राहतो, रात्रीच्या ड्युटीला येणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. शेतकरी घरातला, कृषी पदवीधर ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ग्रामीण भागातल्या पेशंटला कीटकनाशकाच्या विषबाधेबद्दल विचारतो तेव्हा डब्याचा रंग विचारतो, फवारणी कधी केली विचारतो, आणि नातेवाईक त्याला खरं सांगतात. आणि नातेवाईकांचा विषय निघालाच आहे तर, रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी दहा माणसं चिडून उभी असतात तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, थोडं जग बघितलेल्या माणसाच्या आवाजाने जो फरक पडतो तो एकोणीस वर्षांच्या मुलीच्या आवाजाने पडत नाही, ती कितीही हुशार असली तरी. तिच्यावर ती वेळ आणणंच मुळात चुकीचं आहे. सगळेच मोठ्या वयाचे स्टुडंट्स चांगले निघतात असं मी म्हणत नाही, काहींना हाताखाली काम करायची सवय राहिलेली नसते, काही पहिल्या स्पंज बाथनंतर परत येत नाहीत. पण जे टिकतात ते टिकतात.

आणि हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात स्त्रियांसाठी सेवासदन ही संस्था सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बायका ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला जायला लागल्या, त्यात तरुण विधवा होत्या, ज्यांचं एक आयुष्य संपलं असं समाजाने ठरवून टाकलं होतं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, रात्री घराबाहेर राहणार, म्हणून केवढा विरोध झाला. म्हणजे महाराष्ट्रात आपल्या घरांतल्या बायका या कामात आल्या त्या सुरुवातीलाच दुसऱ्या आयुष्यातून आल्या. अमेरिकेत १९१८ साली, महायुद्धात नर्सेस कमी पडायला लागल्या तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजात उन्हाळी ट्रेनिंग कॅम्प भरला, प्रवेशाची मुख्य अट कॉलेजची पदवी. चारशेहून जास्त पदवीधर बायका आल्या, तीनेक महिन्यांत अॅनाटॉमी, केमिस्ट्री, बॅक्टेरियॉलॉजी आणि वॉर्डातलं प्राथमिक काम शिकल्या आणि मग हॉस्पिटलांमध्ये पुढचं ट्रेनिंग घ्यायला गेल्या, नेमकी फ्लूची साथ पेटलेली असताना. त्या काळी नर्सिंगला तीन वर्षं लागत, पदवीधरांसाठी ती कमी केली होती कारण थिअरी त्यांना लवकर झेपेल असा सरळ हिशोब होता.

आज अमेरिकेत दुसरी पदवी म्हणून नर्सिंग करणाऱ्यांसाठी साधारण वर्ष ते दीड वर्षाचे अॅक्सिलरेटेड बीएसएन कोर्सेस आहेत, प्रवेशाआधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी वगैरे विषय पूर्ण करून यायचे, आणि शेवटी नर्सिंगच्या लायसन्ससाठी सगळ्यांना एकच एनक्लेक्स परीक्षा. इंग्लंडमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा कोर्स आहे. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांचं ग्रॅज्युएट एन्ट्री मास्टर ऑफ नर्सिंग आहे. माझ्या ओळखीतली लातूरची एक इंजिनिअर मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे मेलबर्नला गेली, तिथे हा कोर्स केला आणि आता डायलिसिस युनिटला आहे. तिचा मला एकदा मेसेज आला, ताई, इथे मुलाखतीत मला विचारलं की इंजिनिअरिंगमधलं काय तुम्ही नर्सिंगमध्ये वापराल. आपल्याकडे तिला काय विचारलं असतं? बारावीला बायो होतं का.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो मी हलक्यात घेत नाही. कोर्स छोटा केला की दर्जा घसरणार, पेशंटचा जीव आहे, शॉर्टकट नको. बरोबर आहे, शॉर्टकट नकोच. पण काय छोटं करायचं हे आधी बघा. जीएनएमच्या पहिल्या वर्षात सायकॉलॉजी आहे, सोशिऑलॉजी आहे, न्यूट्रिशन आहे, इंग्रजी आहे, कॉम्प्युटर आहे, मायक्रोबायॉलॉजी आहे. सायकॉलॉजीत बीए केलेली मुलगी हे पुन्हा पहिल्यापासून शिकते, मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलेली मुलगी बॅक्टेरियाचे आकार पुन्हा पाठ करते, होम सायन्सवाली पुन्हा कॅलरीचे तक्ते काढते. बाकी विद्यापीठांत आपण क्रेडिट ट्रान्सफर आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या गोष्टी करतो आणि इथे एकदा पास झालेला विषय पुन्हा पास व्हायला लावतो. इंग्लंडने काय केलं ते फार विचार करण्यासारखं आहे. तिथे नर्स व्हायला ४,६०० तास लागतात, निम्मे थिअरीचे आणि निम्मे प्रत्यक्ष कामाचे, आणि दोन वर्षांच्या कोर्सवाल्यांनाही ही अट सुटत नाही. आधीच्या शिक्षणाचा आणि अनुभवाचा हिशोब त्यात धरला जातो, कमाल निम्म्यापर्यंत, तोही तपासून, आणि बाकीचे तास पूर्ण करूनच घेतात. म्हणजे काय माफ करायचं त्याला नियम आहे, पुरावा लागतो.

मला आपल्याकडे यापेक्षाही कडक चालेल. माझं म्हणणं आहे की क्लिनिकलचा एक तासही माफ करू नका. इंजेक्शन, कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), डिलिव्हरी, कम्युनिटी पोस्टिंग, मानसिक रुग्णालयातलं पोस्टिंग, सगळं तेवढंच हवं. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी तर कॉमर्सवाल्यांना उलट जास्त द्या, सुरुवातीचे तीन-चार महिने नुसतं तेच शिकवा, परीक्षा घ्या, नापास झाली तर वॉर्डात सोडू नका. सुट्ट्या कमी करा, शनिवार भरवा, मोठी माणसं आहेत, करतील. असं केलं तरी दोन-सव्वादोन वर्षांत होतं आणि शेवटी डिप्लोमा न देता डिग्री द्या, कारण आधीची एक डिग्री त्यांच्याकडे आहेच. रजिस्ट्रेशनआधी बीएस्सीवाल्यांची जी परीक्षा तीच यांची, पेपर वेगळा नको, पासिंग वेगळं नको. मग दर्जाचा प्रश्न येतोच कुठे?

खरं सांगायचं तर दर्जाची काळजी असणाऱ्यांनी आधी हे बघावं की आज काय चाललंय. जनरल हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक आणि टीचिंग हॉस्पिटलात तीनमागे एक नर्स असावी असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही विचारा, रात्रपाळीला प्रत्यक्षात किती पेशंट असतात. एका सिस्टरकडे वीस-पंचवीस बेड असले की दोन तासांनी कूस बदलणं होत नाही, आणि कूस बदलणं झालं नाही की आधी माकडहाडावर नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबला तर पांढरा होत नाही, ती पहिली खूण, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी जाते आणि मग ती जखम, म्हणजे बेडसोर, महिनोन्‌महिने भरत नाही. मुंबईतल्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी नर्स अरुणा शानबाग यांना चाळीसहून जास्त वर्षं सांभाळलं आणि बेडसोर होऊ दिला नाही, हे लोक माया म्हणून सांगतात, माया होतीच, पण त्यामागे दिवसातून किती वेळा कूस बदलायची, चादरीची सुरकुती कशी काढायची, पाठ कोरडी कशी ठेवायची हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं कसब होतं आणि ते करायला हात होते. हात कमी असतील तर कसब वापरायला वेळच मिळत नाही. डब्ल्यूएचओच्या २०२५ च्या अहवालात जगात ५८ लाख नर्सेस कमी आहेत असा अंदाज आहे, आणि आपल्या नर्सेस त्या कमी असलेल्या देशांकडे जातच राहणार. मग इथे शिकून तयार, वयाने समजदार, काम करायची इच्छा असलेली माणसं दाराशी उभी असताना आपण बारावीच्या बायॉलॉजीसाठी अडून बसायचं का?

दुसरा आक्षेप पगाराचा, आणि इथे मला पदवीधरांना गोड गोड सांगायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सचा पगार महिन्याला २० हजारांच्या खाली नको, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार हवा. आज इतक्या वर्षांनंतर तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलांत नवीन जीएनएम मुलीला बारा-पंधरा हजार सांगितलेले मी स्वतः ऐकलेत, वर ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतात ते वेगळंच. सरकारीत कंत्राटी भरती, आउटसोर्सिंग, याविरुद्ध नर्सेसना २०२२ मध्ये राज्यभर संपावर जावं लागलं. त्यामुळे नुसता कोर्स काढून भागणार नाही, किमान वेतनाची ती शिफारस महाराष्ट्राने कायद्यात आणली पाहिजे. पण पगार कमी आहे म्हणून दार उघडू नका हे मला पटत नाही, उलट पदवीधर, बोलणारी, हिशोब कळणारी, कागद वाचणारी माणसं या पेशात आली तर पगारासाठी भांडणारेही वाढतील. ज्या मुलीने आधी नोकरी केली आहे तिला पीएफ म्हणजे काय, ओव्हरटाइम म्हणजे काय, अपॉइंटमेंट लेटर का मागायचं हे माहीत असतं.

इथे फिलिपिन्सची आठवण ठेवायला हवी, कारण मी म्हणते ते चुकीच्या पद्धतीने केलं तर काय होतं ते तिथे दिसलंय. तिथे २००० नंतरच्या दशकात दुसऱ्या पेशातली माणसं धडाधड नर्सिंगला आली, अगदी प्रॅक्टिस करणारे डॉक्टरसुद्धा नर्स झाले, कारण अमेरिकेत मागणी होती. जिथे तिथे नर्सिंग स्कूल्स निघाली. मग बाहेरची मागणी ओसरली आणि हजारो पास झालेली मुलं बेकार, अनुभव मिळावा म्हणून हॉस्पिटलांत फुकट राबायला तयार. आपल्याकडेही खासगी संस्थाचालकांना पदवीधरांचा कोर्स म्हणजे नवीन दुकान वाटायला वेळ लागणार नाही. म्हणून मला वाटतं हा कोर्स सुरुवातीला फक्त सरकारी मेडिकल कॉलेजांना जोडलेल्या नर्सिंग कॉलेजांतच द्यावा. केंद्राने २०२३ च्या बजेटमध्ये १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं जाहीर केली, १,५७० कोटी मंजूर केले, तीही मेडिकल कॉलेजांच्या जोडीने. तिथे पेशंट आहेत, तिथे वॉर्ड आहेत, तिथे एक तुकडी पदवीधरांसाठी ठेवली तर बारावीवाल्यांची सीट जात नाही आणि दुकानंही निघत नाहीत. सोबत बाँड ठेवा, दोन वर्षं राज्यातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, पूर्ण पगारावर. अशा अटीवर येणाऱ्या कितीतरी मुली माझ्या ओळखीच्या आहेत.

परदेशाचं म्हणाल तर तो रस्ता आजही उघडाच आहे आणि पदवीधर तो धरायला लागलेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळाचा करार केला त्यात नर्सिंगही आहे. शिवाय तिथलं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता शिकायचं प्रशिक्षण, करायला आपल्याकडचे बीए-बीकॉम झालेले जातात, बी-टू लेव्हलचं जर्मन करून, आणि तिथे शिकतानाच महिन्याला हजार युरोच्या वर पैसे मिळतात. म्हणजे आपला बीकॉम जर्मनीला नर्स म्हणून तयार करायला चालतो, धुळ्याला किंवा गडचिरोलीला चालत नाही.

घरच्यांचा विरोध हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो कायद्याने सुटणारा नाही. डिग्री घेऊन बेडपॅन उचलणार का, हे वाक्य प्रत्येक पदवीधर स्टुडंटने घरी ऐकलेलं असतं, जवळजवळ शब्दाला शब्द. त्यामागे घाणीची कामं कोणी करायची याबद्दलचा आपला शेकडो वर्षांचा जातीचा हिशोब आहे, स्थळ बघताना नाईट ड्युटीवाली नको म्हणणाऱ्या सासवा आहेत, आणि मुलगा नर्सिंगला गेला तर लोकांना काय सांगायचं असं विचारणारे बाप आहेत. बेडपॅन उचलावं लागतंच, हो. आणि ते उचलताना शौचाचा रंग काळा-डांबरासारखा दिसला तर पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव असू शकतो हे ओळखून ताबडतोब सांगावं लागतं, ते न ओळखता फ्लश करणारा माणूस तिथे असेल तर पेशंट जातो. ज्यांना डिग्रीचा एवढा अभिमान आहे त्यांना मी हेच सांगते की शिकलेलं माणूस नेमकं याच जागी हवं.

मागणी कोणाकडे करायची हेही स्पष्ट आहे. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घ्यायला संसदेने २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा केला. अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे नियम नव्याने लिहायची संधी त्यात आहे. जीएनएम बंद करून सगळं बीएस्सीकडे न्यायचं हा विषयही गेली काही वर्षं अधूनमधून वर येतो, आणि तो कधी खरंच अमलात आला, पदवीधरांसाठी दुसरी वाट न काढता, तर आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचा रजिस्टर्ड नर्स व्हायचा शेवटचा रस्ताही जाईल. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि वैद्यकीय शिक्षण खातं यांनी मिळून एक प्रस्ताव तरी वर पाठवावा, एका सरकारी कॉलेजात चाळीस मुलांची एक तुकडी, पाच वर्षं चालवून बघा, त्यांचे निकाल बीएस्सीवाल्यांच्या शेजारी ठेवून बघा.

तोवर जे आत्ता विचार करतायत, पंचवीस-सव्वीसचे, एका टॅबमध्ये जीएनएमचा फॉर्म आणि दुसऱ्यात कसलीतरी भरती उघडून बसलेले, त्यांनी प्रवेश घेण्याआधी ते कॉलेज कौन्सिलच्या मान्यता यादीत आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे रोज खरे पेशंट किती असतात, डिलिव्हरी होतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, प्रिन्सिपॉलना नाही. ओळखीच्या कोणा सिस्टरला विचारून तिच्या वॉर्डबाहेर एक रात्र बसून काढा, पहाटे चार ते सहा काय असतं ते बघा. वयाची बेरीज कागदावर लिहून काढा, कोर्स कधी संपेल, अनुभव कधी होईल, कुठली परीक्षा कोणत्या वर्षापर्यंत देता येईल. आणि मुलाखतीत कोणी विचारलं की आधीची डिग्री वाया का घालवलीत, तर त्या डिग्रीत काय शिकलात आणि ते पेशंटच्या कुठे कामाला येईल याचं उत्तर आधीच तयार ठेवा, कारण तो प्रश्न येणार आहे.